न जुळणारे नमुने

वृक्षरेषेवर, म्हणजे डोंगरावर झाडं संपतात तिथे, झाडाची वाढ थंडीने अडते आणि खाली दरीत पाण्यावाचून, हे मी वर्षानुवर्षं शिकवलं. आल्प्समध्ये ते बरंचसं खरंही आहे. हजार मीटर चढलं की तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं. तेव्हा वर कुडकुडणारं झाड उबदार वर्षी जाड वलय धरणार, हा माझा हिशेब.

तोच घेऊन गंगोत्रीच्या वर भूर्जाचे नमुने काढले. पोकळ गिरमिटाने खोडातून ५ मिलिमीटर जाडीची कांडी काढायची, घासून गुळगुळीत करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली वलयं मोजायची. देवदाराची वलयं ठसठशीत असतात. भूर्जाची फिकट, डोळ्यांचा अंत पाहणारी. काही कांड्यांत वलयं कमी भरली. शिवाय उबदार वसंताची वलयं जाड असायला हवी होती, ती बारीकच.

माझ्या विद्यार्थिनीने विचारलं, "सर, एवढ्या झाडांत एकदम दोष कसा असेल?"

"लाकूड खराब असेल. बाजूला काढ," मी म्हणालो. आवाज असा लावला की तिने पुढे विचारलं नाही. उरलेल्या नमुन्यांतून आलेख सुरेख आला. येणारच, न जुळणारं सगळं आधीच बाहेर काढलं होतं.

त्यावर लेख लिहून पाठवला. त्याच्या परीक्षकाने एवढंच विचारलं, की वगळलेले नमुने कुठे आहेत? ते फेकले नव्हते, हे नशीब. पुन्हा जुळवताना कळलं, की मोजणी चुकली नव्हती. काही वर्षी झाडाने कांडी काढली त्या बाजूला वलय धरलंच नव्हतं. अशी वर्षं बहुतेक मार्च ते मे कोरडी गेलेली. बर्फ वितळून गेलेलं, ऊन कडक, पावसाळा लांब, आणि झाडाची वाढ नेमकी तेव्हाच सुरू होणार. उबेने माती आणखी लवकर सुकते. देवदाराबाबत हे मला ठाऊक होतं. भूर्ज त्याच्याही वर, म्हणून मी त्याला तहान माफ केली होती. नेपाळमधल्या वृक्षरेषेवरच्या भूर्जांबाबत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसलं.

ठेवलेल्या कांड्यांतही अशी हरवलेली वलयं निघाली. एक वलय हुकलं की आतली सगळी वर्षं सरकतात. मी १९६५ म्हणत होतो ते १९६४ असायचं.

लेख मागे घेतला. विद्यार्थिनीचा प्रबंध लांबला, आणि तोवर तिची शिष्यवृत्ती संपली होती. नवा लेख तिने लिहिला. त्यात माझं नाव आहे ते नमुने काढल्याबद्दल. निष्कर्ष तिचा आहे.