वाळक्या काटक्यांची खरेदी

लॉस एंजेलिसमध्ये जे जे हिरवं डोळ्यांत भरतं, ते बहुतेक सगळं बाहेरून आलेलं. सिनेमांत दिसणारे ते उंचच उंच ताड मेक्सिकोतले. कॅलिफोर्नियाचा स्वतःचा ताड एकच, आणि तो राहतो वाळवंटातल्या झऱ्यांपाशी. निलगिरी ऑस्ट्रेलियाची, जॅकरंडा नि बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली. घरोघरच्या हिरवळीचं गवतही परकं, आणि ती जगवायला पाणी आणलं ते ओवेन्स खोऱ्यातून, १९१३ साली पुऱ्या झालेल्या सुमारे ३७५ किलोमीटर लांबीच्या कालव्याने. आता तीच हिरवळ उपटून टाकली तर शहराचं पाणीखातं चौरस फुटाच्या हिशेबाने पैसे देतं. भाचीने ते घेतले होते. त्यामुळे “मावशी, शनिवारी इथली झाडं आणायला जायचंय,” असं ती म्हणाली तेव्हा मी बुचकळ्यात पडले. इथलीच झाडं, तर ती आणायला जायचं कुठे?

भल्या सकाळी निघालो, कारण वाटेत गॅरेज सेल गाठायचे होते. ऑक्टोबर सरत आलेला, कित्येक महिन्यांत पाऊस नाही, डोंगर करडे पडलेले. खांबांवर चिकटवलेले पुठ्ठ्याचे बाण बघत गल्ल्या तुडवायच्या. बाण संपतील तिथे कुणीतरी घरापुढे निम्मा संसार मांडून खुर्ची टाकून बसलेलं असतं. गंजलेली एकचाकी ढकलगाडी, फांद्या छाटायच्या कात्र्या, रबरी नळ्यांची वेटोळी, कुणाच्या तरी सासूबाईंनी हौसेने जमवलेले सिमेंटचे बेडूक. पुण्याच्या जुन्या बाजारात वस्तू कुठून आली हे विचारायचं नसतं. इथे न विचारता सांगतात. एका बाईंनी दोन डॉलरच्या झारीची कुळकथा सांगून झाल्यावर झारी फुकटच देऊन टाकली.

एक गृहस्थ मात्र अवाक्षर न काढता प्रत्येक कुंडी उलटी करून बूड पाहत होते. बाउअर नावाची कंपनी १९६२ पर्यंत याच शहरात मातीची भांडी करायची. तिचा शिक्का सापडला की कुंडीचा भाव चढतो. भाचीला शिक्क्याशी देणंघेणं नव्हतं. ती बोट ओलं करून कुंडीच्या पोटावर रेघ ओढायची. रेघ जागच्या जागी जिरली तर कुंडी घ्यायची, ओघळली तर ठेवून द्यायची. तिला हवी होती बिनझिलईची भाजकी माती. अशा दोन कुंड्या तोंडाला तोंड लावून चिकटवतात, खालचं भोक बुजवतात, वरचं पाणी ओतायला उघडं ठेवतात आणि सगळं जमिनीत पुरतात. पाणी पाझरत पाझरत मुळांशी जातं. इथे याला ‘ओया’ म्हणतात. दुष्काळी गावांत रोपाशेजारी पुरलेले माठ पाहिलेल्या बाईला हे शिकवावं लागलं नाही. मी मुकाट्याने बोट ओलं केलं आणि दुसऱ्या रांगेतल्या कुंड्या तपासायला घेतल्या.

इथली झाडं घ्यायला जायचं होतं ती थिओडोर पेन फाउंडेशनची रोपवाटिका सन व्हॅली भागात, डोंगराच्या पायथ्याशी २२ एकरांत आहे. गंमत म्हणजे ज्यांच्या नावाने ती आहे ते पेनही इथले नव्हेत. जन्म १८७२चा, इंग्लंडातला. १८९३ मध्ये कॅलिफोर्नियात आले आणि हेलेना मोजेस्का या पोलिश अभिनेत्रीच्या मळ्यावर माळीकाम करू लागले. भोवतालची रानफुलं घरांखाली आणि शेतांखाली नाहीशी होताना दिसली, तसे ते बी गोळा करून विकू लागले. चारशेहून अधिक देशी जाती त्यांनी बागांपर्यंत पोचवल्या. १९१५ मध्ये तर शहरातल्या एक्स्पोझिशन पार्कात पाच एकरांवर रानझाडांचीच बाग केली. त्यांच्या नावाची संस्था निघाली १९६० मध्ये. कुठल्या डोंगरावर कोणतं फूल उमललंय ते फोनवर सांगायची सेवा ही संस्था १९८३पासून दर वसंतात चालवते! आमच्या कासच्या पठाराकडे जाणारी वाहनांची रांग आठवून मला ही कल्पना किती शहाणपणाची, ते मात्र ठरवता येईना.

आत शिरल्यावर वाटलं, माळी रजेवर गेलेला दिसतोय. काळ्या कुंड्यांच्या रांगाच्या रांगा, आणि निम्म्यांत नुसत्या काटक्या. एप्रन बांधलेल्या एका बाईंनी हसून सांगितलं, “मेलेली नाहीत, झोपलीत.” इथला पाऊस हिवाळ्यातला, वर्षाकाठी जेमतेम ३५ सेंटिमीटर. म्हणून झाडं उन्हाळाभर मिटून बसतात आणि थंडीच्या तोंडावर जागी होतात. लावायची ती आत्ताच, म्हणजे पावसात मुळं खोल जातात. पहिल्या वर्षी झाड झोपतं, दुसऱ्या वर्षी रांगतं, तिसऱ्या वर्षी धावतं, हा इथल्या बागवाल्यांचा हिशेब. सुरुवातीला हात राखून पाणी द्यायचं, पुढे उन्हाळ्यात जवळजवळ नाहीच. तापलेली माती ओली राहिली की बुरशी मुळं खाते. पिवळ्या फुलांचं फ्लॅनेलबुश तर भर उन्हाळ्यातल्या लाडाने हमखास मरतं. चाळीस वर्षं सकाळ-संध्याकाळ झारी घेऊन गच्चीत फिरणाऱ्या माझ्यासारखीने हे ऐकून घेतलं, यातच सगळं आलं.

पांढऱ्या सेजचं रुपेरी पान चोळलं तर कापरासारखा दर्प बोटांना दिवसभर राहिला. इथल्या मूळच्या जमातींना हे झुडूप पवित्र. त्याच्या जुड्या जाळण्याची जगभर फॅशन निघाली आणि रानातून चोरटी तोड सुरू झाली. आम्ही रोपवाटिकेत वाढवलेलं रोपच घेतलं. लाल फळांचं टोयॉनही घेतलं. २०१२पासून तेच लॉस एंजेलिस शहराचं अधिकृत देशी झाड आहे. आणि मग एका कुंडीपुढे मी थबकले. धोत्रा! चक्क धोत्रा, किमतीच्या चिठ्ठीसकट. त्याची ही इथली जात इथल्या मूळच्या चुमाश लोकांच्या विधींत मानाची होती. महादेवाला वाहायला उकिरड्यावरून तोडून आणायची सवय असलेल्या मला त्याचे डॉलर मोजवेनात.

याच्या उलट आपल्याकडचं हळदकुंकू नावाचं झुडूप. मोनार्क फुलपाखरांसाठी म्हणून लोक ते इथे हौसेने लावतात. पण मूळचं उष्ण कटिबंधातलं ते झाड हिवाळ्यातही पानं टाकत नाही. फुलपाखरं त्याच्यावरच रेंगाळतात आणि पानांवर त्यांच्या रोगाचे जंतू साचत जातात. व्हेंचुरासारख्या काही काउंटींत त्याची विक्रीच बंद केली आहे. इथली रुईच्या कुळातली अरुंद पानांची जात थंडीत जमिनीखाली जाते, रोगाची साखळी तुटते. भाचीने तीच उचलली. कुंडीत दिसत होता एक वाळका दांडा.

परतताना एका घरापुढे पाटी होती: ‘घेऊन जा’. शेजारी फोडलेल्या काँक्रीटचा ढीग. इथले बागवाले त्याला ‘अर्बनाइट’ म्हणतात, पायवाटेला नि बुटक्या गडग्यांना वापरतात. आम्ही दोघींनी कंबर कसून सपाट तुकडे निवडले. गाडी मागून बसली.

दारात भाचेजावई उभे होते. डिकीत डोकावून त्यांनी काटक्यांच्या कुंड्या, दांडा, भोकाच्या कुंड्या, काँक्रीटचे तुकडे नीट पाहून घेतले आणि विचारलं, “मावशी, यातलं विकत काय आणलंत आणि टाकायला काय आणलंत?”

भाचीने त्यांच्या हातात सगळ्यांत मोठा तुकडा दिला.