साहेबाचा अभिमान

आपल्याकडे अभिमान ही वस्तू बाळंतविड्याबरोबरच घरात येते. मूल रांगायला लागायच्या आत त्याच्या नावावर कुळाचा, गावाचा, भाषेचा आणि गावात पिकणाऱ्या आंब्याचा नाहीतर वांग्याचा असा चार-पाच प्रकारचा अभिमान जमा झालेला असतो. मोठेपणी त्याने स्वतः काही केले नाही तरी या ठेवीवर जन्मभर निभावून जाते. मराठी माणसाला "तुम्हाला मराठी असल्याचा अभिमान वाटतो का हो?" असे विचारून पाहा. उत्तराच्या आधी छाती पुढे येते.

पण ज्याच्याकडून आपण टाय, क्रिकेट आणि अर्जाखाली 'आपला नम्र' लिहायची खोड उचलली, त्या साहेबाला स्वतःच्या साहेबपणाचा अभिमान वाटतो की नाही, हे त्याला कुणी विचारलेले मी ऐकले नव्हते. २०२४ च्या जून-जुलैत तो योग आला. लंडनच्या एका टोकाला, हॅरोत, माझी मावशी राहते. पन्नास वर्षांपूर्वी नर्स म्हणून गेली आणि तिथलीच झाली. काका हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. दोन महिने त्यांच्याकडे मुक्काम होता. रिकामटेकड्या पाहुण्याला दोनच उद्योग करता येतात: एक यजमानांची भांडी विसळणे आणि दुसरा लोकांना प्रश्न विचारणे. भांड्यांना त्यांच्याकडे यंत्र होते.

पहिला मान शेजारच्या गृहस्थांचा. सत्तरी ओलांडलेले, अस्सल इंग्रज. कुंपणापलीकडे गुलाब छाटत होते. मी विचारले, "आपल्याला ब्रिटिश असल्याचा अभिमान वाटतो का?" त्यांनी आधी आभाळाकडे पाहिले, मग कात्री पुसली आणि म्हणाले, "तसं म्हणायला फारशी हरकत नसावी, बहुधा." एका वाक्यातून निसटायला तीन दरवाजे ठेवले होते. इतकी सावध भाषा आपल्याकडे फक्त पत्रिका जुळत नसल्याचे मुलीकडच्यांना कळवताना वापरतात.

पुढे माझ्या लक्षात आले, की बिचाऱ्यांचा दोष नाही. मुळात ब्रिटिश म्हणजे कोण, इथूनच घोळ आहे. देशाचे पूर्ण नाव 'युनायटेड किंगडम ऑफ ग्रेट ब्रिटन अँड नॉर्दर्न आयर्लंड'. एवढे लांब नाव आपल्याकडे एखाद्या सहकारी पतसंस्थेचेच असते. हे खरे म्हणजे एकत्र कुटुंब आहे. थोरला इंग्लंड. वेल्सला त्याने सोळाव्या शतकातच घरात ओढले, १७०७ साली स्कॉटलंड आला, १८०१ साली आयर्लंड. आयर्लंडने १९२२ साली वाटणी मागून बिऱ्हाड हलवले, तरी वरची एक खोली या घरातच राहिली. छप्पर एक, चुली चार.

फुटबॉलला चार चुलींचे चार संघ. ऑलिंपिकला मात्र सगळे एकाच पंगतीला बसतात आणि पाटावर नाव घालतात 'ग्रेट ब्रिटन', म्हणजे वरच्या खोलीतले पाहुणे नावातून गळाले. क्रिकेटचे बोर्ड 'इंग्लंड अँड वेल्स क्रिकेट बोर्ड', पण आद्याक्षरे लिहितात 'ई. सी. बी.'. वेल्स दाराशीच अडकतो. निशाणावर इंग्लंडच्या संत जॉर्जचा क्रूस आहे, स्कॉटलंडच्या संत अँड्र्यूचा आहे, आयर्लंडच्या संत पॅट्रिकचा आहे. वेल्सचा तांबडा ड्रॅगन त्यात कुठेच नाही. आणि या देशाला स्वतःचा राष्ट्रीय दिन नाही! जगातल्या कितीतरी देशांना, आपण धरून, साहेबाने तावडीतून सोडताना एकेक स्वातंत्र्यदिन दिला. वाटता वाटता स्वतःसाठी ठेवायचा राहिला.

माझ्या मावसबहिणीचा नवरा ग्लासगोचा. १४ जुलैला युरोपच्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना होता, इंग्लंड विरुद्ध स्पेन. शेजारच्या गृहस्थांनीसुद्धा भीड सोडून खिडकीत तांबड्या क्रुसाचे निशाण लावले होते, आणि ते इंग्लंडचे होते, ब्रिटनचे नव्हे. जावई आले ते स्पेनच्या रंगाचा शर्ट घालून. इंग्लंड दोन-एक असे हरल्यावर त्यांनी मावशीकडून आणखी दोन बटाटेवडे मागून घेतले.

"अहो, पण तुमचा देश एकच ना?" मी विचारले.

"१७०७ पासून," ते म्हणाले. आपले लग्न वडीलमंडळींनी परस्पर ठरवले होते, हे सांगताना नवरे जो आवाज काढतात, तो त्यांचा आवाज होता.

२०१४ साली स्कॉटलंडमध्ये वेगळे व्हायचे की नाही यावर मतदान झाले. पंचावन्न टक्क्यांनी 'राहू' म्हटले, पंचेचाळीस टक्क्यांनी 'निघू'. जावयांनी काय म्हटले ते माझ्या बहिणीलाही अजून माहीत नाही. त्यांचे ब्रिटिशांबद्दल एकच म्हणणे होते. २०१३ साली अँडी मरे विंबल्डन जिंकला. ते जिंकणारा आधीचा ब्रिटिश पुरुष होता १९३६ चा फ्रेड पेरी, म्हणून सगळा देश नाचला. पण तोच मरे जिंकला की ब्रिटिश आणि हरला की स्कॉटिश, असा तिकडे जुना विनोद आहे. मी म्हटले, यात विनोद कसला, आमच्याकडे हा रिवाज आहे. मुलगा पहिला आला की बापावर गेलेला असतो आणि नापास झाला की मामावर.

काकांचा विश्वास माणसांपेक्षा आकड्यांवर. तिकडे दरवर्षी लोकांच्या मतांची एक मोठी पाहणी होते. २०१३ साली शंभरातले शहाऐंशी लोक म्हणाले होते, की आम्हाला ब्रिटनच्या इतिहासाचा अभिमान आहे. २०२३ साली हेच म्हणणारे उरले चौसष्ट. "दहा वर्षांत बावीसची घट," काका म्हणाले, "शेअर असता तर मी वेळीच विकला असता." आता त्या इतिहासात आपल्याकडच्या दीडशे वर्षांच्या मुक्कामाचाही एक लांबलचक अध्याय असल्यामुळे, ही बातमी ऐकून नेमके कसले तोंड करावे ते मला कळेना. यजमानाच्या घरी आहोत म्हणून मी चुकचुकलो.

पण खरी गंमत खानेसुमारीत आहे. इंग्लंड आणि वेल्सच्या २०११ च्या खानेसुमारीत आपली राष्ट्रीय ओळख 'फक्त ब्रिटिश' अशी सांगणारे होते सुमारे एकोणीस टक्के, आणि 'फक्त इंग्लिश' म्हणणारे जवळजवळ अठ्ठावन्न. २०२१ साली 'फक्त ब्रिटिश' झाले पंचावन्न टक्के आणि 'फक्त इंग्लिश' पंधरावर आले! दहा वर्षांत कोट्यवधी लोकांच्या मनात ही उलथापालथ कशाने झाली? कुणी म्हणेल राणीमुळे, कुणी म्हणेल युरोपशी काडीमोड घेतल्यामुळे. खानेसुमारी करणाऱ्यांनी स्वतःच जी कारणे दिली त्यातले एक असे, की इंग्लंडच्या फॉर्मवर या वेळी 'ब्रिटिश' हा चौकोन सगळ्यात वर छापला होता. बस्स. ज्या अस्मितेसाठी माणसे तलवारी उपसतात ती फॉर्मातल्या पहिल्या चौकोनावर ठरते, हे वाचून मला आमच्या नगरपालिकेतले एक उमेदवार आठवले. मतपत्रिकेत नाव वर यावे म्हणून त्यांनी आडनावातले पहिले अक्षर बदलायचा घाट घातला होता. लोक हसले होते. त्यांना राष्ट्रीय अस्मितेचे मर्म कळले होते, हे आज समजते.

बरे, अभिमान धरायचा तर धरणार कशाला? चहा परक्या मातीतला. संत जॉर्जने इंग्लंडचे तोंडही पाहिले नव्हते. राजघराण्याचे नाव १९१७ पर्यंत जर्मन होते, लढाई जर्मनीशी जुंपल्यावर ते बदलून 'विंडसर' केले. चिकन टिक्का मसाला ही खरीखुरी ब्रिटिश राष्ट्रीय डिश आहे, असे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी २००१ साली भाषणात सांगून टाकले. युरोपातून बाहेर पडल्याची खूण म्हणून २०२० पासून निळे पासपोर्ट पुन्हा सुरू झाले, ते छापून आले पोलंडातून.

मग साहेबाचा अभिमान राहतो तरी कुठे? तो मला एका संध्याकाळी कुंपणावर सापडला. शेजारचे गृहस्थ त्या दिवशी मोकळे झाले होते. अर्धा तास त्यांनी आपल्या देशाची सालटी काढली. रेल्वे वेळेवर धावत नाही, रस्त्यांत खड्डे, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत माणूस बरा तरी होतो नाहीतर जातो तरी, आणि २०२२ या एका वर्षात आम्ही तीन पंतप्रधान वापरून संपवले. मीही माणूसच, मला राहवले नाही. मी म्हटले, "खरंच हो, तुमच्या गाड्या फारच बेभरवशाच्या आहेत."

गृहस्थ गप्प झाले. ओठांवरचे हसू जागच्या जागी होते, फक्त डाव्या भुवईने किंचित उडी घेतली आणि डोळ्यांतली ऊब कुणीतरी बटण दाबून बंद करावी तशी गेली. "एकंदरीत पाहता," ते म्हणाले, "आमच्या गाड्या तशा बऱ्याच नियमित आहेत." आणि गुलाबांकडे वळले. आपल्या घराला नावे ठेवायचा हक्क फक्त घरच्यांचा. त्या मऊ गवताखाली दगड लागतो तो इथे.

याच सुमारास काकांचा पुतण्या नागरिकत्वाच्या परीक्षेला बसत होता. ही परीक्षा २००५ पासून आहे: पंचेचाळीस मिनिटे, चोवीस प्रश्न, अठरा बरोबर आले तर पास. पोरगा रात्र रात्र जागून आठव्या हेन्रीच्या सहा राण्या क्रमाने पाठ करत होता. आमच्या लहानपणी अष्टविनायक पाठ करत त्या चालीवर. काकांनी सरावाचा एक पेपर कुंपणावरून शेजारी दिला. गृहस्थांना चोवीसात पंधरा पडले. नापास! ते मुळीच शरमले नाहीत. न अभ्यासता ब्रिटिश असणे हाच तर जन्मजात ब्रिटिशाचा अधिकार. पुतण्याला चोवीसपैकी चोवीस पडले. नंतर समारंभात राजे चार्ल्स यांच्याशी निष्ठेची शपथ घेताना त्याचा आवाज असा काही लागला, की काका म्हणाले, मुंजीत गायत्रीमंत्रसुद्धा याने इतका स्पष्ट म्हटला नव्हता.

ब्रिटिशपणावर असा विश्वास ठेवणारे आपल्यात जुनेच आहेत. मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवणारे दादाभाई नौरोजी इंग्लंडात निवडणुकीला उभे राहिले. ते पडल्यावर काळ्या माणसाला ब्रिटिश मतदार अजून निवडून देणार नाहीत, अशा अर्थाचे उद्गार १८८८ साली खुद्द पंतप्रधान सॉल्सबरींनी काढले. १८९२ साली लंडनच्या फिन्सबरीने दादाभाईंना पार्लमेंटात पाठवले, बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी का होईना. आणि हिंदुस्थानची लूट आकड्यांनिशी मांडणारा ग्रंथ त्यांनी १९०१ साली काढला, त्याच्या नावात इंग्रजी अमलावर ठपका काय ठेवला? तर 'अन-ब्रिटिश'! तुमचे राज्य वाईट आहे, कारण ते पुरेसे ब्रिटिश नाही. खुद्द ब्रिटिशांनी ब्रिटिशपणाकडून इतकी मोठी अपेक्षा क्वचितच केली असेल.

मावशीला हा प्रश्न विचारायचे मी लांबवत होतो. तिची एक गोष्ट काकांनी सांगितली होती. २०१२ साली लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात १९४८ पासून चालत आलेल्या सरकारी आरोग्यसेवेचा देखावा होता. मैदानभर खाटा, आणि त्यांच्याभोवती गणवेशात नाचणाऱ्या नर्सेस. मावशी टीव्हीसमोर पदराने डोळे पुसत होती आणि पुसता पुसता म्हणाली, "चादरींचे कोपरे काही नीट घातलेले नाहीत हं."

दुसरी गोष्ट तिने स्वतः सांगितली, हसत हसत. २०१६ साली युरोपातून बाहेर पडायचा कौल लागला, त्याच आठवड्यात बसमध्ये एक तरुण तिला म्हणाला, "आता आपापल्या घरी जा." मावशी म्हणाली, "घरीच चाललेय रे बाळा. अजून तीन स्टॉप आहेत." आम्ही सगळे हसलो. काका हसले नाहीत. नंतर भाजी निवडताना ते मला हळूच म्हणाले, "महिनाभर ती त्या बसमध्ये चढली नाही. पिशव्या घेऊन चालत यायची."

निघायच्या आदल्या दिवशी मी विचारलेच. "मावशी, तुला ब्रिटिश असल्याचा अभिमान वाटतो का गं?"

"अभिमान-बिभिमान तुम्हा बसून असणाऱ्यांना," मावशी म्हणाली. "मला सकाळी सातची ड्यूटी असायची."

ती बसची गोष्ट माझ्या मनातून जात नव्हती. तिला बरे वाटावे म्हणून मी म्हटले, "खरं आहे. तू यांच्यासाठी जन्म घातलास आणि यांची ही तऱ्हा! आता तर म्हणे तुमच्या त्या दवाखान्यांत माणसाला आठ-आठ तास ताटकळत ठेवतात. कसली आलीय आरोग्यसेवा!"

मावशीने कप खाली ठेवला. ओठांवरचे हसू जागच्या जागी होते. डावी भुवई किंचित वर गेली, आणि डोळ्यांतली ऊब कुणीतरी बटण दाबून बंद केली.

"तसं काही नाही हं," ती म्हणाली. "आमच्याकडे वेळ लागतो, पण राजा असो की झाडूवाला, पैसे कुणाला विचारत नाहीत."

मी काकांकडे पाहिले. काका खिडकीबाहेर पाहत होते. मी मुकाट्याने उठलो आणि कपबशा विसळायला घेतल्या. यंत्र होते, तरीही.