पिंपळाचं पथ्य

आमच्या पिंपळाची उंची सव्वा फूट. त्याच्यावर मुंजा राहतो म्हणावं, तर बिचाऱ्याला पाय पसरायलाही जागा नाही. तरी आजीने त्याला घरात घेऊ दिलं नाही. "पिंपळ दारात नको," एवढंच म्हणाली. बाबा म्हणाले, "दारात कुठे, गच्चीवर ठेवतो." आजीचा शब्द राहिला, बाबांचा हट्टही राहिला, आणि पिंपळ जन्माचा उघड्यावर गेला.

तो आमच्याकडे आला भूकंपामुळे. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूर हललं. मदनमहालच्या टेकडीवर, दगडावर टेकलेला तो भलामोठा दगड जागचा ढळला नाही. आमच्या गच्चीचा विटांचा कठडा मात्र वरून खालपर्यंत उलला. डागडुजीचे पैसे जमेपर्यंत पुढचा पावसाळा आला आणि त्या भेगेतून दोन तांबूस पानं बाहेर डोकावली. पिंपळाची फळं खाऊन कुणी पाखरू तिथे बसलं असणार. गवंडी आला, पानं पाहिली आणि थापी खाली ठेवली. पिंपळाला हत्यार लावणार नाही म्हणाला. शेवटी बाबांनीच छिन्नी घेतली. त्यांची नोकरी गन कॅरेज फॅक्टरीत, तोफांचे गाडे बनवणाऱ्या १९०४ सालच्या कारखान्यात. लोखंडाला सरावलेल्या त्या हातांनी दोन दिवस विटेचा कण नि कण टोकरून रोप मुळासकट सोडवलं, आणि कुंभाराकडून आणलेल्या उथळ परळात लावलं. बोन्साय हा शब्द घरात बराच नंतर आला. ताटलीतलं झाड, एवढाच त्याचा मूळ जपानी अर्थ. बाबांनी तो आधीच करून ठेवला होता.

बाबांची माती ठरलेली असे: विटांचा चाळलेला चुरा, नर्मदेची भरड वाळू आणि मूठभर कुजलेला पाला. पाणी घातलं की खालच्या भोकातून लगेच बाहेर. लहानपणी मला वाटायचं, हे पाणी फुकटच जातं.

ते गेले, झाड माझ्याकडे आलं, आणि मी ते फुकट जाणारं पाणी थांबवलं. गेल्या श्रावणात पाटणकडच्या एका मित्राच्या शेतातून पोतंभर काळी माती आणली. जबलपूरच्या या काळ्या रानाची जुनी रीत आहे. इथे तिला 'हवेली' म्हणतात. शेताला उंच बांध घालायचे, पावसाळाभर पाणी कोंडून ठेवायचं, पेरणीच्या तोंडावर सोडून द्यायचं आणि मुरलेल्या ओलीवर गहू घ्यायचा. पोटात एवढी ओल धरणारी माती माझ्या झाडाला मिळावी, यापरतं सुख ते काय! शेताला खाली अख्खी जमीन असते आणि परळाला तीन इंच, हा हिशेब मात्र मी केला नाही. तसं पाहिलं तर शेजारच्या वस्तीचं नावच लालमाटी. कुदळभर मुरूम उचलून आणला असता तरी चाललं असतं.

मार्गशीर्षात पानं गळू लागली. पिंपळ पानं गाळतोच, पण आपल्या वेळेला, थंडी सरताना. आणि गळताना ती पिवळी होऊन सुटतात. ही हिरवीच सुटत होती, कडांना काळी पडून. रात्रीचा पारा आठ-नऊवर आला होता. सकाळी गच्चीवरून सिद्धबाबाची टेकडी धुक्यात दिसत नव्हती. मला वाटलं, झाडाला थंडी बाधली.

आमच्या वस्तीचं नाव कांचघर. कधीकाळी इथे काचेचा कारखाना होता, त्यावरून पडलं, असं जुनी माणसं सांगतात. आता काच आहे ती खिडक्यांना. थंड मुलुखात आजारी झाडं काचघरात ठेवतात, हे मी वाचलं होतं. म्हटलं, कांचघरात राहून झाडाला काचघर नसावं? चार काठ्या रोवल्या, वरून पन्नी ताणली आणि कडा दोऱ्याने बांधून टाकल्या. पानं गळतात म्हणजे भूक असणार, म्हणून शेणखताचं पाणी दिलं. पानं मलूल म्हणजे तहान असणार, म्हणून साधं पाणीही. पाच दिवसांनी पन्नी उघडली तर आतून बंद माजघरासारखा कुबट वास आला आणि मातीवर पांढरी बुरशी.

झाडांची ढकलगाडी घेऊन फिरणारा एक माळी आमच्या गल्लीत येतो. त्याला वर बोलावलं. त्याने झाडाकडे पाहिलंच नाही. आधी मातीत बोट घातलं, मग नाकाशी नेलं. मी काय काय केलं त्याची यादी ऐकून घेतली आणि म्हणाला, "बड्डे, अब कुछ करो मत."

न करण्याआधी एक गोष्ट मात्र करावीच लागली. कडाक्याच्या थंडीत झाडाची कुंडी बदलू नये, हा नियम; पण मूळ सडत असेल तर ते फाल्गुनाची वाट पाहत नाही. आम्ही झाड परळातून उचललं. निरोगी मूळ चिमटीत ताठ लागतं. ही मुळं तपकिरी, लिबलिबीत झालेली. एक हलकेच ओढलं, तर वरची साल मोज्यासारखी निघून बोटांत आली आणि आतला बारीक दोरा तेवढा झाडाला लटकत राहिला. मी ती साल बराच वेळ हातात धरून उभा होतो. माळ्याने कात्री विस्तवावर धरून घेतली, सडकं तेवढं कापलं, कडेची काळी माती काडीने झाडून टाकली. बुंध्याजवळची घट्ट मुळं मात्र त्याने विस्कटली नाहीत. झाड मोठ्या मातीच्या कुंडीत बसवून भोवतीने विटांचा चुरा आणि वाळू भरली. म्हणजे बाबांचीच माती, मी पावसाळ्यात उपसून फेकलेली.

मग पथ्य सुरू झालं. कुंडी दक्षिणेला तोंड असलेल्या भिंतीशी, जिथे दिवसभर ऊन आणि उन्हं कलल्यावर तापलेल्या विटांची ऊब. तळाशी दोन विटा, म्हणजे गार फरशी लागणार नाही आणि भोकही मोकळं राहील. कुंडीभोवती गोणपाट. रात्री वरून जुन्या लुगड्याचा पदर, सकाळी ऊन आलं की काढायचा. मावठ्याचा पाऊस आला तर कुंडी पत्र्याखाली. खत नाही, तार नाही, छाटणी नाही. मेलेली दिसणारी फांदीही कापायची नाही. आतून कुठवर जिवंत आहे ते झाडालाच ठरवू द्यायचं. आणि पाणी? रोज सकाळी मातीत अगरबत्तीची जुनी काडी खुपसायची. ओली निघाली तर परत जायचं.

रोज ओली निघायची. रोज परत जायचो.

हे परत जाणं फार अवघड असतं. आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्याला काहीतरी देत राहावंसं वाटतं: औषध, काढा, निदान घोटभर पाणी. देण्यात आपलीच अर्धी समजूत असते. बाबांच्या शेवटच्या आठवड्यातही मी असाच वाटी-चमचा घेऊन बसायचो. ते तोंड फिरवायचे आणि मी म्हणायचो, दोनच चमचे. पिंपळाला तोंड फिरवता येत नाही. तो सगळं घेतो, मग पानं टाकतो.

रिकाम्या हातांना वाचन बरं म्हणून बोन्सायची पुस्तकं उघडली. त्यांत वॉशिंग्टनच्या संग्रहातला एक पांढरा पाइन भेटला. त्याचं संगोपन १६२५ पासूनचं. १९४५ मध्ये हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा तो तिथल्याच यामाकी कुटुंबाच्या अंगणात होता, आणि वाचला. त्याच घराने १९७६ मध्ये तो अमेरिकेला भेट दिला. बॉम्बची गोष्ट घरच्यांनी तिथे सांगितली ती २००१ मध्ये. किती पिढ्यांनी त्याला पाणी घातलं असेल, आणि किती वेळा न घालता परत गेल्या असतील! पण ही पुस्तकं बहुतेक पाइन आणि मेपलसाठी लिहिलेली. त्या झाडांना हिवाळा लागतो, त्या झोपेवाचून ती खंगतात. पिंपळाला हिवाळा सोसावा लागतो. आजार एकच दिसला तरी पथ्य ज्याचं त्याचं असतं.

पौष असाच गेला. बाजारात मटारचे ढीग लागले, संक्रांतीचा तिळगूळ झाला, पिंपळ काडीसारखा उभा. माघातली रथसप्तमी आली. आमच्याकडे सूर्याची, आणि या गावाला नर्मदेच्या जन्माची. ग्वारीघाटाकडे जाणारी माणसं पहाटेपासून रस्त्याने दिसत होती. आईने गच्चीत गोवऱ्या पेटवून बोळक्यात दूध ठेवलं. ते पूर्वेला उतू गेलं, तिने हात जोडले. मला राहवलं नाही. पिंपळाच्या मधल्या फांदीवर नखाने तीळभर ओरखडा काढला. खाली ओलं हिरवं. मग अगदी सावकाश, टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा चीक वर आला.

"आला ना?" आईने विचारलं. म्हणजे तीही रोज पाहत होती.

"आला. पण पान नाही."

"पान कशाला बघतोस? तुला टायफॉइड झाला होता तेव्हा डॉक्टर रोज ताप बघायचे. मी वाट बघायचे, तू भूक लागली कधी म्हणतोस त्याची."

त्यानंतर आठेक दिवसांची गोष्ट. फांद्या तशाच बोडक्या, शेंड्याकडची एक तर नक्कीच गेलेली. ऊन, थंडी, कुंडी, सगळं कालचंच. नेहमीप्रमाणे काडी खुपसली, बाहेर काढली, आणि ओठांना लावून पाहिली. कोरडी होती. इतके दिवस मातीत नुसतं थांबलेलं पाणी कुणीतरी प्यायलं होतं.

मी तांब्या आणायला खाली धावलो.