राइसप्लेटमधला राइस शेवटी का?

कराडच्या एसटी स्टँडजवळच्या एखाद्या साध्या खाणावळीत शिरा आणि ‘राइसप्लेट’ मागवा. ताटात येतं काय? चपात्या नाहीतर भाकरी, तांबडा रस्सा, एक सुकी भाजी (तीही बऱ्याचदा बटाट्याची!) आणि कोपऱ्यात भाताची छोटीशी मूद. नाव राइसचं, पण मान चपातीचा! एकाच ताटात गहू, बटाटा आणि तांदूळ. तुमच्या जिमच्या ट्रेनरने हे पाहिलं तर त्याला घेरीच येईल.

पण थांबा, हा फण्डा फक्त आपला नाही. जपानमधल्या ओसाकात ओकोनोमियाकी, म्हणजे मैदा, कोबी आणि अंड्याचं जाडसर धिरडं, चक्क भात आणि मिसो सूपबरोबर खातात. टोकियोच्या बऱ्याच जणांना हे विचित्र वाटतं. शेजारच्या कोबेत तर त्याही पुढची गंमत. तिथली ‘सोबामेशी’ म्हणजे बारीक तुकडे केलेले नूडल्स आणि भात एकाच तव्यावर परतलेले. या मंडळींच्या हिशेबात धिरडं हे तोंडीलावणं आणि भात हे जेवण. आपल्याकडे बटाटा कसा ‘भाजी’त जमा होतो, अगदी तसंच!

मग कराडच्या ताटात भाकरी आणि भात दोघं कसे आले? उत्तर नकाशात आहे. पश्चिमेला पाटण आणि कोयनेचं खोरं. कोयनानगरला वर्षाला साधारण पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे भाताचा मुलूख. पूर्वेला खटाव-माणचा दुष्काळी पट्टा. माणमध्ये पाऊस जेमतेम पाचशेच्या आसपास, त्यामुळे तिथे राज्य ज्वारी-बाजरीचं. कराड या दोघांच्या मधोमध. महाबळेश्वरला उगम पावलेल्या कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन भेटतात, तोच प्रीतिसंगम. नद्यांसारखी इथे धान्यंही भेटली म्हणा ना!

कोरडवाहू गावात तांदूळ विकतचा. त्यामुळे भात शिजायचा तो सणाला, लग्नाला, नाहीतर पाहुणा आला की. रोजचं पोट भाकरीने भरायचं, भात ही चैन. पुढे उसाचा पैसा आला, रेशनचा तांदूळ आला आणि भात रोजच्या ताटात बसला, पण शेवटी! आधी भाकरी, मग आमटी-भात किंवा ताक-भात. हायवेवरच्या ढाब्यांतही तोच क्रम. आधी अख्खा मसूर आणि रोटी, मग ‘एक हाफ जिरा राइस’. सणाच्या पंगतीत मात्र भात मागे राहत नाही. तिथे सुरुवातच वरण-भाताने, मग पोळी आणि शेवटी पुन्हा भात.

आता मुद्द्याचं. हे ताट दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसाचं होतं. आपण नऊ तास खुर्चीत, वर ट्रॅफिकमध्ये दोन. ताट तेच राहिलं आणि घाम गेला, तर साखर वाढणारच. म्हणून भाताला हाकलायचं? मुळीच नाही. भाजी-उसळ आधी आणि भात शेवटी खाल्ला तर रक्तातली साखर तुलनेने हळू चढते, असं संशोधन सांगतं. म्हणजे जुना क्रम बरोबरच होता, चुकतंय ते माप. मैद्याच्या रोटीऐवजी ज्वारीची भाकरी घ्या, बटाट्याऐवजी उसळ मागा आणि भात मुदीएवढाच ठेवा. घरी आई ‘थोडा भात घे की’ म्हणाली तर डाएटचं लेक्चर न देता दोन घास घ्याच. त्या आग्रहात भात दुर्मीळ होता त्या दिवसांची आठवण आहे.

कसं जाल? पुण्याहून बेंगळुरू हायवेने साधारण १६० किलोमीटर. रेल्वेने कोयना एक्स्प्रेस आहे, पण स्टेशन गावाबाहेर ओगलेवाडीकडे. सकाळी आगाशिवच्या डोंगरातली बौद्ध लेणी चढून या म्हणजे भूक सॉलिड लागेल. दुपारी राइसप्लेट. संध्याकाळी प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आणि घाटावरचा गार वारा.

आणि हो, चढण चढून आला असाल, तर त्या दिवशी भात दोनदा घेतलात तरी चालेल!