खापर तेजाबावर

“गलाईवाल्याची फुफ्फुसं, ती अशीच असायची!” डॉक्टरांचं हे वाक्य आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

आप्पा म्हणजे माझे सासरे. विटा-खानापूर भागातल्या कितीतरी घरांसारखं आमचंही घर गलाईवर उभं राहिलेलं. आप्पांचं आयुष्य कोइमतूरला गेलं. जुने दागिने मुशीत वितळवायचे, तेजाबात घालून सोनं शुद्ध करायचं, तो लालसर तपकिरी धूर छातीत घ्यायचा. आता दुकान माझे मिस्टर बघतात आणि मी इथं सासू-सासऱ्यांपाशी.

आप्पांना साखर आहे, बीपीही आहे. तिकडच्या डॉक्टरांनी तीन औषधांची मिळून एक गोळी दिली होती: मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि पायोग्लिटाझोन. साखर आटोक्यात राहायची, म्हणून इथं आल्यावरही तीच चालू ठेवली. पुढं गुडघे धरले. मग दुखण्याच्या गोळ्या, मधूनमधून इंजेक्शन.

हळूहळू आप्पांचं वजन वाढायला लागलं. सासूबाई खूश, म्हणाल्या, “गावचं पाणी मानवलं बघ.” मला मात्र मोज्याचे वळ दिसत होते. नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. रात्री आडवं झालं की खोकल्याची ढास. एकाच्या दोन उशा झाल्या, दोनाच्या तीन. शेवटी आप्पा पलंगाच्या कडेला बसूनच झोपायला लागले.

दवाखान्यात नेलं. पायाच्या सुजेवर उत्तर मिळालं, “बीपीच्या गोळीनं पाय सुजतात.” हे खोटं नव्हे, काही गोळ्यांनी सुजतात. खोकल्याचं कारण तेजाब. दमा म्हणून तोंडानं ओढायचा पंप लिहून दिला. मी साखरेच्या गोळीचं पाकीट पुढं केलं आणि विचारलं, “डॉक्टर, ह्या गोळीनं अंगात पाणी साठतं का? वाचलंय मी कुठंतरी.” त्यांनी पाकीट हातातसुद्धा घेतलं नाही. आप्पांकडं बघून हसले आणि म्हणाले, “सूनबाई गुगलवर शिकून आल्यात.” बाहेरच्या बाकावरची माणसंही हसली. आप्पाही हसले, तेच जास्त लागलं. अहो, नसेल पटलं तर नाही म्हणा. पण पाकीट उलटं करून नाव वाचायला असा किती वेळ लागतो? दारात गर्दी होती, मान्य आहे. पण टोमणा मारायला वेळ होताच की! मी शिकलेली आहे, नसते तरी काय बिघडलं असतं? घरात गोळ्या काढून देणारी, पाय चेपणारी, रात्री उठून पाठ चोळणारी बाई काही सांगत असेल तर ते ऐकायचं नाही, ही कुठली रीत?

त्यानंतर अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं. आधीच पाण्यानं भरलेल्या अंगात आणखी पाणी! आता ह्यात एकट्या डॉक्टरांना काय बोलायचं? आपल्याकडं सलाईन लावल्याशिवाय उपचार झाल्यासारखं वाटतंय कुणाला?

त्याच रात्री आप्पांना धाप आवरेना. ओठ निळे पडले, तोंडातून गुलाबी फेस यायला लागला. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, लघवीचं इंजेक्शन दिलं, स्वतः फोन करून रुग्णवाहिका मागवली आणि म्हणाले, “थांबू नका, मिरजेला न्या.”

मिरजेत पहिला प्रश्न आला, “घरातल्या सगळ्या गोळ्या आणल्यात?” मेडिकलवाल्यानं पाकीट कात्रीनं असं कापलं होतं, की अर्धं नाव त्याच्याकडंच राहिलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मागची बारीक अक्षरं उजेडात धरून वाचली. म्हणाल्या, तेजाबाच्या धुरानं फुफ्फुसात पाणी होतं, पण ते काही तासांत, फार तर दिवस-दोन दिवसांत. इतक्या वर्षांनी असं नाही होत. इकोमध्ये हृदयाचा पंप थोडा कमजोर निघाला. पायोग्लिटाझोन मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतं, दुखण्याची औषधंही तेच करतात, त्यात सलाईनची भर.

नातेवाइकांचे फोन चालूच होते: “सुई घालून पाणी काढलं का?” फुफ्फुसाच्या भोवती साठलेलं पाणी सुईनं निघतं. फुफ्फुसाच्या आत झिरपलेलं निघत नाही, ते लघवीवाटेच काढावं लागतं. हे सांगून माझं तोंड दुखलं. लघवीची पिशवी भरत गेली, तसे आप्पा उताणे झोपायला लागले.

पायोग्लिटाझोननं हृदय निकामी होऊ शकतं, असा चौकटीतला कडक इशारा अमेरिकेत २००७ सालीच आला होता. आपल्याकडं जून २०१३ मध्ये हे औषध थांबवलं गेलं, ते मूत्राशयाच्या कॅन्सरच्या भीतीनं, आणि ३१ जुलैला इशारा छापण्याच्या अटीवर परत आलं. पण सुट्ट्या गोळ्या घेणाऱ्याच्या हातात तो इशारा येणार कधी? औषधाचा त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ ह्या नंबरावर रुग्णालाही कळवता येतं, हे तरी दुकानात पाटी लावून सांगा. गोळी मनानं बंद करू नका. पण साखरेच्या आणि दुखण्याच्या गोळ्या चालू असताना दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोनं वाढलं, तर गप्प बसू नका.

सगळा दोष गोळीचाच, असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. मिरजेतही कुणी तसं म्हटलं नाही. आप्पांचं लोणच्याचं प्रेम काय कमी आहे? माझे चुलत दीर हीच गोळी घेतात. त्यांचं हृदय तपासलेलं आहे, साखर उत्तम आहे. त्यांना मी “बंद करा” म्हणत नाही, “आठवड्याला वजन करा” म्हणते. ते ऐकत नाहीत.

आणि तो दवाखाना? तिथल्या केसपेपरवर आप्पांना अजून “दमा”च आहे. मी बदलायला सांगितलं, तर “राहू द्या हो” म्हणाले. तरी ताप आला की आम्ही तिथंच जातो. मध्यरात्री दार वाजवलं तर उघडणारा आमच्या भागात दुसरा आहे कोण?