दोन इंजिनांचे हेलिकॉप्टर शिकताना

दोन इंजिने म्हणजे दुप्पट ताकद, अशी एका इंजिनावर उडायला शिकलेल्या वैमानिकाची समजूत असते. टाइप रेटिंगच्या वर्गात ती फार काळ टिकत नाही. दोन्ही इंजिने एकाच मुख्य गिअरबॉक्सला जोडलेली असतात आणि त्या गिअरबॉक्सला पेलेल तेवढीच शक्ती रोटरपर्यंत जाते. दुसऱ्या इंजिनाचा खरा लाभ एक इंजिन बंद पडल्यावर कळतो. उरलेल्या इंजिनावर उड्डाण चालू ठेवता येते, मात्र ठरलेल्या मर्यादांत आणि ठरलेल्या मुदतीत. अभ्यासक्रमाचा बहुतेक भाग या मर्यादा आणि मुदती समजून घेण्यातच जातो.

जुहूहून अरबी समुद्रातल्या तेलफलाटांवर माणसे नेणाऱ्या वैमानिकांच्या ओळखीचे यंत्र म्हणजे फ्रेंच बनावटीचे डॉफिन. १९८५ साली स्थापन झालेल्या पवनहंस या हेलिकॉप्टर कंपनीच्या ताफ्यात ते दीर्घकाळ आहे. डॉफिनचे मूळ रूप एकाच इंजिनाचे होते आणि ते १९७२ मध्ये उडाले. दोन इंजिनांचे रूप १९७५ मध्ये, तर चाके पोटात घेणारी ‘एन’ मालिका १९७९ मध्ये आली. ‘एन३’ या आवृत्तीला दोन एरिएल २सी इंजिने, चार पात्यांचा मुख्य रोटर आणि शेपटीच्या गोल खाचेत बसवलेला फेनेस्ट्रॉन पंखा असतो. तिचे कमाल उड्डाणवजन ४,३०० किलो आहे. वरून पाहिल्यास रोटर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. अमेरिकी हेलिकॉप्टरचा रोटर उलट फिरतो आणि शक्ती वाढवताना तिथे डावे पेडल दाबावे लागते, इथे उजवे. जुनी सवय लागलेल्या पायाला हॉव्हरमध्ये हा बदल नव्याने शिकावा लागतो.

प्रणालींचा अभ्यास इंजिनापासून सुरू होतो. काँप्रेसरने दाबलेली हवा इंधनासह जळते. तो वायू आधी काँप्रेसर चालवणारे टर्बाइन फिरवतो आणि मग रोटरला शक्ती देणारे मोकळे टर्बाइन. या दोन टर्बाइनांना जोडणारा दांडा नसतो, त्यामुळे त्यांचे फेरे वेगवेगळे मोजले जातात. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये फ्रीव्हील असते. इंजिन मंदावले की ते आपोआप सुटते आणि बंद पडलेले इंजिन रोटरला मागे ओढत नाही. इंधनाचे डावे आणि उजवे गट, दोन स्टार्टर-जनरेटर आणि सर्व्होंना दाब पुरवणाऱ्या दोन स्वतंत्र हायड्रॉलिक प्रणाली अशी पुढची मांडणीही जोडीचीच आहे. मुख्य गिअरबॉक्स मात्र एकच. म्हणूनच त्याच्या तेलाचा दाब, तापमान आणि तेलातले धातूचे कण टिपणारा चिप डिटेक्टर यांवर वर्गात बराच वेळ खर्च होतो. तेलाचा दाब गेल्यास ‘शक्य तितक्या लवकर’ उतरायचे की ‘ताबडतोब’, हा फरक तोंडपाठ असावा लागतो. समुद्रावर ताबडतोब म्हणजे फ्लोट फुगवून पाण्यावर.

मर्यादा फ्लाइट मॅन्युअलच्या स्वतंत्र विभागात असतात आणि त्याला नियामक संस्थेची मान्यता असते. वजन, गुरुत्वमध्य, उंची, तापमान, वेग आणि रोटरचे फेरे असा त्यांचा क्रम लावता येतो. रोटरचे फेरे कमी झाले तर पाती वर वाकतात आणि उचल घटते. जास्त झाले तर पात्यांच्या मुळांवरचा ताण वाढतो. कधीही न ओलांडायचा वेग डॉफिन एन३साठी समुद्रसपाटीला १७५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३२४ किलोमीटर आहे. उंची वाढली की तो कमी होतो, कारण विरळ हवेत मागे जाणारे पाते लवकर स्टॉल होते.

शक्तीच्या मर्यादा तीन: टॉर्क, टर्बाइनमधल्या वायूचे तापमान आणि गॅस जनरेटरचे, म्हणजे काँप्रेसर व तो चालवणाऱ्या टर्बाइनचे फेरे. पहिली गिअरबॉक्सला जपते, उरलेल्या दोन इंजिनाला. आकडे पाठ करणे अवघड नसते. आजच्या हवेत तिन्हींपैकी कोणती मर्यादा आधी गाठली जाईल, हे ओळखायला सराव लागतो. समुद्रसपाटीवर, थंड हवेत इंजिनाकडे शक्ती शिल्लक असते, पण टॉर्कची लाल रेघ आधी येते. उष्ण दिवशी किंवा डोंगराळ भागात टॉर्क खाली असतानाच तापमान किंवा फेरे मर्यादेला टेकतात.

एक इंजिन गेल्यावर उरलेल्याला तीन पायऱ्यांची जादा मुभा मिळते. ३० सेकंदांची शक्ती उड्डाण सावरण्यासाठी, २ मिनिटांची सुरक्षित उंची आणि वेग गाठण्यासाठी आणि अखंड वापराची पुढच्या प्रवासासाठी. पहिल्या दोन वापरल्या की त्याची नोंद होते आणि इंजिनाची तपासणी सक्तीची ठरते. वेळेची मर्यादा टर्बाइनच्या पात्यांच्या उष्णता सोसण्यावरून ठरलेली असल्याने तिच्यात सवलत नसते.

बिघडलेले इंजिन ओळखणे वाटते तितके सरळ नाही. एका इंजिनाचा टॉर्क घसरलेला दिसला की तेच बिघडले, असे वाटते. पण दुसऱ्या इंजिनाचे नियंत्रण बिघडून ते बेताल शक्ती देत असेल, तर रोटरचे फेरे आवरण्यासाठी निरोगी इंजिन स्वतःच मंदावते. खूण रोटरच्या फेऱ्यांत असते. ते वाढले तर जास्त शक्ती देणारे इंजिन दोषी, घसरले तर कमी शक्ती देणारे. म्हणून कोणताही लिव्हर मागे घेण्याआधी दोन्ही वैमानिकांनी नाव घेऊन खात्री करायची असते. सिम्युलेटरमध्ये हा प्रसंग पुन्हा पुन्हा घडवला जातो, कारण चुकीचे इंजिन बंद केले तर दोन्ही गमावल्यासारखेच.

शेवटी हे सारे टेकऑफच्या गणितात एकत्र येते. प्रत्येक टेकऑफमध्ये एक निर्णयबिंदू असतो. त्याआधी इंजिन गेले तर परत उतरायचे, त्यानंतर गेले तर उडत राहायचे. दोन्ही पर्याय खुले राहतील इतकेच वजन उचलायचे. कोष्टकात तापमान, उंची आणि समोरचा वारा भरला की ते वजन मिळते. उकाडा वाढला की ते कमी होते आणि प्रवासी, सामान किंवा इंधन यांपैकी काहीतरी कमी करावे लागते. समोरचा वारा यातले थोडे परत देतो. तेलफलाटावर परत उतरायला धावपट्टी नसते, खाली थेट पाणी असते. तिथे फलाटाची कड ओलांडण्याचे मोजके क्षण सर्वांत नाजूक.

अभ्यासक्रमाअखेर प्रणालींची लेखी परीक्षा आणि परीक्षकासोबत उड्डाणचाचणी होते आणि परवान्यावर त्या प्रकाराची नोंद होते. ठरावीक मुदतीने चाचणी पुन्हा द्यावी लागते. तिच्यात एक इंजिन निकामी झाल्याचा प्रसंग असतोच आणि त्या दिवशीचे वजन व तापमान धरून कोणती मर्यादा आधी येईल, हे वैमानिकाने उड्डाणाआधीच सांगायचे असते.