कानांनी लावलेली उतरंड

जी सुरावट कानांवर पडली की जेम्स बॉण्ड डोळ्यांसमोर उभा राहतो, ती मुळात त्याच्यासाठी बांधलेलीच नव्हती. व्ही. एस. नायपॉल यांच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' या कादंबरीवर एक संगीत नाटक करायचं घाटत होतं, त्यासाठी माँटी नॉर्मनने ती चाल केली होती. त्रिनिदादमधला भारतीय वंशाचा एक गडी अपशकुनी शिंक घेऊन जन्माला येतो आणि आपलं गाऱ्हाणं गातो, असं ते गाणं. नाटक बारगळलं. पुढे 'डॉ. नो'चं काम अंगावर आल्यावर नॉर्मनने खणात पडलेली ती चाल बाहेर काढली, तिचे सूर सुटे सुटे केले आणि गिटारच्या हवाली केले. जॉन बॅरीने वाद्यमेळ बसवला, व्हिक फ्लिकने गिटार वाजवली आणि १९६२ साली ब्रिटनचा सगळ्यात रुबाबदार हेर एका अपशकुनी शिंकेच्या चालीवर पडद्यावर आला. चाल नेमकी कोणाची, हा वाद पुढे लंडनच्या न्यायालयात गेला आणि २००१ साली निकाल नॉर्मनच्या बाजूने लागला.

बॉण्डपटांचं पारायण करणाऱ्यांची एक जमात आहे. 'डॉ. नो'पासून २०२१च्या 'नो टाइम टू डाय'पर्यंत मूळ निर्मितिसंस्थेचे पंचवीस सिनेमे. ही मंडळी ते ओळीने पाहतात, संपले की पुन्हा पहिल्यापासून लावतात आणि प्रत्येक खेपेला नवी क्रमवारी मांडून भांडतात. हे भांडण बहुधा नटांवरून जुंपतं. ज्याला मिसरूड फुटताना पडद्यावर जो बॉण्ड होता तो त्याचा, त्यात वाद घालण्यात अर्थ नाही. पण पारायण जरा बारकाईने केलं तर वेगळीच गंमत लक्षात येते. डोळ्यांना दिपवणाऱ्या गोष्टी दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला फिक्या पडतात. गाडी कशी उडणार, कोण कुठून कोसळणार, हे ठाऊक झालेलं असतं. मग कान जागे होतात. दिग्दर्शकाने वाद्यवृंदाला कुठे गप्प बसवलं आणि कुठे त्याला राहवलं नाही, हे ऐकू यायला लागतं. त्या हिशेबाने उतरंड रचायला घेतली की भलतेच सिनेमे वर चढतात.

सगळ्यात वर 'फ्रॉम रशिया विथ लव्ह', १९६३चा. त्यातला मारेकरी रेड ग्रँट म्हणजे रॉबर्ट शॉ. निम्म्याहून जास्त सिनेमा सरतो तरी हा माणूस तोंडातून शब्द काढत नाही. इस्तंबूलच्या गल्ल्यांतून, मशिदीच्या खांबांआडून, फलाटावरून तो बॉण्डच्या मागावर असतो, मुकाट. ओरिएंट एक्स्प्रेसमध्ये तो इंग्रज सहकाऱ्याचं सोंग घेऊन येतो आणि एकदाचा बोलतो, तेव्हा बोलणं जरा जास्तच साहेबी असतं. जेवणाच्या डब्यात तो माशाबरोबर लाल वाइन मागवतो. बॉण्डच्या कपाळावर बारीकशी आठी उमटते, पण उलगडा व्हायला उशीर होतो. थोड्याच वेळात बॉण्ड गुडघ्यांवर आणि ग्रँटच्या हातात पिस्तूल. सुटकेची वाट उघडते ती ग्रँटच्या हावेतून. बॉण्डच्या बॅगेत पन्नास सोन्याची नाणी आहेत, दुसऱ्याही बॅगेत असतील म्हणून तो ती उघडायला जातो आणि धुराचा भपकारा तोंडावर येतो.

मग ती मारामारी. डब्यातला दिवा फुटलेला, रात्रीचा निळसर उजेड, दोन धिप्पाड माणसं आणि कूस बदलायलाही पुरणार नाही एवढी जागा. बॅरीचं संगीत इथे पूर्ण थांबलंय. ऐकू येतो तो रुळांचा खडखडाट, काच फुटल्याचा आवाज आणि दोघांची धाप. संकलक पीटर हंटने ही मारामारी अशी कापली आहे की कोणाचा हात कोणाच्या गळ्याभोवती आहे हे क्षणभर कळत नाही. साठ वर्षांत बॉण्डने रणगाड्यातून, विमानातून, अंतराळातून मारामाऱ्या केल्या, पण त्या डब्याची सर कशालाच आली नाही.

त्याच सिनेमात बॉण्डचा तुर्की यजमान केरीम बे म्हणजे पेद्रो आर्मेन्दारिझ. कर्करोगाने पोखरलेल्या अवस्थेत त्याने हे काम केलं आणि सिनेमा प्रदर्शित होण्याआधीच तो गेला. हे कळल्यावर त्याचं गडगडाटी हसणं पहिल्यासारखं ऐकवत नाही.

आता 'गोल्डफिंगर'. वर्तमानपत्री याद्यांत १९६४चा हा सिनेमा पहिल्या तिनांत असतोच. गोल्फचा प्रसंग अजूनही चोख आहे. गोल्डफिंगर चेंडू हरवल्यावर लबाडी करतो आणि बॉण्ड गुपचूप त्याचा स्लॅझेंजर १ नंबरचा चेंडू बदलून ७ नंबरचा ठेवतो. ध्वनिपरिणामांसाठी या मालिकेला पहिलं ऑस्कर मिळालं तेही याच सिनेमामुळे, नॉर्मन वॉनस्टॉलला. गोल्डफिंगरचा हस्तक ऑडजॉब, त्याची पोलादी कडांची टोपी सणसणत जाते तो आवाज त्याचा. पण पुन्हा पाहताना ध्यानात येतं की उत्तरार्धात बॉण्ड बहुतेक वेळ कैदेत बसून असतो. अखेरचा बॉम्बसुद्धा तो बंद करत नाही, दुसराच कोणी येऊन करतो, आकडा ००७ वर असताना. शिवाय तबेल्यातला तो बळजबरीचा प्रसंग आज डोळ्यांना टोचतो. त्यावर गोड संगीत वाजतं, म्हणून कानांना जास्तच. 'गोल्डफिंगर' पाच-सहा पायऱ्या खाली आणावा लागतो.

सुरुवातीच्या या सिनेमांत आवाजांची आणखी एक हातचलाखी आहे. 'डॉ. नो'मध्ये समुद्रातून बाहेर येणाऱ्या उर्सुला आंद्रेसचा आवाज तिचा नाही, निकी व्हॅन डर झिलचा आहे. गोल्डफिंगर झालेल्या गर्ट फ्रोबेचं इंग्रजी जड होतं, म्हणून त्याच्या तोंडून मायकेल कॉलिन्स बोलतो. सिनेमाच्या आरंभी बंदुकीच्या नळीतून दिसणारा पहिला बॉण्डही त्या सिनेमांचा नायक कॉनरी नव्हे. पहिल्या तिन्ही सिनेमांत तिथे बॉब सिमन्स हा स्टंटमन चालत येतो आणि वळून गोळी झाडतो.

आणि याच हातचलाखीचा फटका ज्याला सगळ्यात जास्त बसला तो जॉर्ज लॅझेनबी. १९६९चा 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' हा त्याचा एकुलता एक बॉण्डपट. हा ऑस्ट्रेलियन गडी मॉडेलिंगमधला, अभिनयाचा अनुभव नाही, आणि वर खलनायक ब्लोफेल्डच्या आल्प्समधल्या अड्ड्यात बॉण्ड वेषांतर करून वावरतो तो सगळा भाग जॉर्ज बेकर या दुसऱ्याच नटाच्या आवाजात. म्हणजे बिचाऱ्याला एकच सिनेमा मिळाला आणि त्यातही आवाज पुरता त्याचा नाही. कितीतरी वर्षं हा सिनेमा तळाला गाडलेला होता. पारायणात मात्र तो दर खेपेला वर सरकत दुसऱ्या नंबरावर येऊन बसतो.

कारण त्यातला बॉण्ड घाबरतो. ब्लोफेल्डची माणसं मागे लागलेली, खाली गावात नाताळची जत्रा, लहान मुलांचं गोड गाणं वाजतंय. अस्वलाचा वेष घेतलेला कोणी अंगावर येतो तर बॉण्ड दचकतो. बर्फावरच्या घसरपट्टीच्या मैदानाकडेला तो कॉलर वर करून, मान खाली घालून बसलाय. दमलाय, पळायचं त्राण नाही. खाली घातलेल्या नजरेसमोर दोन स्केट येऊन थांबतात. मान वर करून पाहतो तर ट्रेसी. डायना रिग. संपूर्ण मालिकेत बॉण्डला सोडवायला कोणी इतक्या साध्या रीतीने आलेलं नाही.

दिग्दर्शक होता तोच पीटर हंट, रेल्वेच्या डब्याची मारामारी कापणारा. ट्रेसीशी लग्न झाल्यावर बॉण्ड रस्त्याकडेला गाडी थांबवून तिच्यावरची फुलं काढायला उतरतो. ब्लोफेल्डची गाडी शेजारून जाते, गोळ्या सुटतात. पुढच्या काचेला भोक, आत ट्रेसी. पोलीस येतो तेव्हा बॉण्ड हळू आवाजात त्याला सांगतो की ती जरा विश्रांती घेतेय. इथवर सगळं बिनचूक. आणि श्रेयनामावली सुरू होताच ती नेहमीची धडाकेबाज थीम अंगावर येते! पहिला नंबर गेला तो या एका चुकीपायी.

रॉजर मूरचे सात सिनेमे म्हणजे कानांची खरी परीक्षा. 'मूनरेकर'मध्ये एका प्रयोगशाळेचं दार उघडायच्या बटणांवर स्पीलबर्गच्या सिनेमातली परग्रहवासीयांची धून वाजते. 'ऑक्टोपसी'त बॉण्ड वेलीला लटकून जातो तेव्हा टारझनची आरोळी ऐकू येते. १९८३चा हा सिनेमा भारतीय प्रेक्षकाला लाजवतोही आणि खुदकन हसवतोही. उदयपूरच्या घाटावर टेनिसपटू विजय अमृतराज गारुडी बनून पुंगी वाजवतो, आणि पुंगीवर सूर कोणते, तर बॉण्डच्याच थीमचे. गोष्टीतल्या गोष्टीत बॉण्डला स्वतःचं संगीत ऐकू आलं ते उदयपुरात! पुढे रिक्षांचा पाठलाग, निखाऱ्यांवर चालणारे, खिळ्यांच्या शय्येवरचे साधू, सगळा मालमसाला. अमृतराज टेनिस रॅकेटने गुंडांना बडवतो आणि बघ्यांच्या माना सामना पाहिल्यासारख्या डावी-उजवीकडे हलतात. कबीर बेदींचा गोबिंदा मात्र या गोंधळात ताठ उभा आहे. तो फारसं बोलत नाही, मुठीत फासे चिरडून त्यांचा भुगा करतो. तेवढ्यासाठी 'ऑक्टोपसी' मधल्या पायरीवर राहू द्यावा.

टिमथी डाल्टनचे दोन सिनेमे चांगले आहेत, वेळेआधी आले एवढंच. 'द लिव्हिंग डेलाइट्स'मध्ये जॉन बॅरीने शेवटचं संगीत दिलं आणि पडद्यावर स्वतःच वाद्यवृंद चालवताना दिसला. पुढचा बॉण्ड ब्रॉस्नन, त्याच्या 'गोल्डनआय'ला एरिक सेराने आधुनिक ठणठणाट दिला होता. सेंट पीटर्सबर्गच्या रणगाड्याच्या पाठलागावर तो काही बसेना, तेव्हा जॉन ऑल्टमनकडून जुन्या थाटाचं संगीत करवून घेतलं, आणि सिनेमात जान आली. 'डाय अनदर डे'तली अदृश्य गाडी अदृश्यच राहू दे.

डॅनियल क्रेगचा 'कसिनो रॉयाल' तिसरा. संगीतकार डेव्हिड अर्नोल्डने थीम पूर्ण रूपात वाजूच दिली नाही, तिचे तुकडे पेरत राहिला. शेवटच्या दृश्यात बॉण्ड आपलं नाव सांगतो आणि तेव्हाच ती पुरती मोकळी सुटते. जिन्यातल्या हाणामारीनंतर नायिका व्हेस्पर कपड्यांसकट शॉवरखाली बसलेली असते, बॉण्ड तसाच तिच्या शेजारी जाऊन बसतो, फारसं बोलणं होत नाही. 'स्कायफॉल'च्या वाट्याला आपल्याकडचे रूळ येता येता राहिले. सुरुवातीची आगगाडीच्या टपावरची मारामारी भारतात, गोव्याकडे घ्यायचा बेत होता. परवानग्या आणि अटींच्या घोळात तो फिसकटला आणि ती तुर्कस्तानात अदानाजवळच्या वार्दा पुलावर झाली. त्यानंतर 'स्पेक्टर' आला तेव्हा सेन्सॉर बोर्डाने बॉण्डची चुंबनं निम्म्याने छाटली आणि देशभर 'संस्कारी बॉण्ड' म्हणून टिंगल झाली. सिनेमा तसाही लांबलेला होता, पण कात्री भलतीकडेच चालली.

'नो टाइम टू डाय' देशात ३० सप्टेंबर २०२१ला लागला, पण महाराष्ट्रातली चित्रपटगृहं करोनामुळे २२ ऑक्टोबरपर्यंत बंदच होती. बॉण्ड अखेरीस मरतो ही बातमी जगभर झाली, आणि मुंबई-पुण्याची मंडळी तीन आठवडे कानांत बोळे घालून फिरली. त्यात १९६९च्या सिनेमातलं लुई आर्मस्ट्राँगचं प्रेमगीत पुन्हा येतं. सुरुवातीला त्याची धून, श्रेयनामावलीवर त्याचा खरखरीत आवाज. हंटने जिथे घाई केली तिथे पन्नास वर्षांनी कोणीतरी दुरुस्ती केली म्हणायची. तरीही सिनेमा आठव्या-नवव्या जागेवरच, १६३ मिनिटं म्हणजे फारच झाली.

राहता राहिल्या दोन उड्या. १९७७च्या 'द स्पाय हू लव्हड मी'त स्टंटमन रिक सिल्व्हेस्टर कॅनडातल्या बॅफिन बेटावरच्या माउंट ॲसगार्डच्या कड्यावरून स्कीसकट खाली झोकून देतो. पाठलागाचं संगीत कड्यापाशी तुटतं. माणूस पडतोय, पडतोय, नुसता वारा. मग ब्रिटिश झेंड्याच्या रंगांचं पॅराशूट उघडतं आणि थीम उसळते. या एका कड्याच्या बळावर सिनेमा चौथा. त्याच्या तीन वर्षं आधी 'द मॅन विथ द गोल्डन गन'मध्ये थायलंडच्या एका मोडक्या पुलावरून मोटारीने हवेत पूर्ण एक गिरकी घेऊन पलीकडे चारी चाकांवर उतरायचं होतं. आधी संगणकावर सगळं गणित मांडलं, गाडीचं वजन नेमकं साधलं, आणि 'बंप्स' विलर्ट या चालकाने ते एका फटक्यात करून दाखवलं. आणि त्यावर वाजते काय, तर सर्कशीत विदूषक घसरून पडताना वाजते तसली घसरती शिट्टी. ती घातल्याचा खुद्द बॅरीला पुढे पस्तावा झाला. घरी पाहताना मात्र यावर उपाय आहे. गाडी पुलापाशी आली की रिमोटवरून आवाज बंद करायचा, पलीकडे चाकं टेकली की पुन्हा चालू करायचा. तेवढ्यानेच 'गोल्डन गन' बाविसावरून पंधराव्या जागेवर येतो.